मोफत विधी सेवा: जामीन झाला, जामीनदार मिळेना

आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) आमच्या केळीच्या बागेवर सालदार असलेल्या सातपुड्यातील एका पावरा आदिवासी तरुणाला शेजारच्या विहिरीवरील मोटार चोरल्याच्या संशयावरून अटक झाली, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाशी माझा प्रथमच संबंध आला. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही; ते खान्देशातले आहे, एवढे पुरे.

वकील मिळण्याबाबत तक्रारीला जागा नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील कोणालाही उत्पन्नाचा दाखला न मागता ही सेवा मिळते, आणि तशी ती मिळाली. तुरुंगात भेटायला आलेल्या विधी स्वयंसेवकाला पावरी येत होती, त्यामुळे मराठीत गप्प बसणारा आमचा सालदार त्याच्यापुढे पहिल्यांदा सविस्तर बोलला. नवव्या दिवशी जामीन मंजूर झाला.

मात्र तो सुटला तेविसाव्या दिवशी. पंधरा हजारांचा स्थानिक जामीनदार हवा होता आणि भावाचा सातबारा धडगाव तालुक्यातला, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातला, म्हणून चालला नाही. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात नेमके हेच घडले होते: एका गवंड्याच्या भावाची हमी, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने, नाकारली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला. त्याच न्यायालयाच्या २०२३ च्या निर्देशांप्रमाणे जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. आमच्या बाबतीत कोणी कोणाला कळवले, ते मला शोधूनही सापडले नाही. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची साहाय्य देणारी योजना आहे, तिचाही उल्लेख झाला नाही. अखेर मीच जामीन राहिलो. फिर्यादी आमच्याच भाऊबंदांतला असल्यामुळे मी आधी आठवडाभर कचरलो, हेही येथे नोंदवतो.

२०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. ही गर्दी नव्या बराकी बांधून हटणारी नाही. जामिनाचा आदेश आणि तुरुंगाचे दार यांच्यामधले दिवस कमी केले, तर तिच्यातला काही भाग एकाही नव्या कायद्यावाचून ओसरेल. म्हणूनच या सेवेचे मोजमाप मंजूर अर्जांवर न करता सुटकेच्या तारखेवर व्हावे, असे माझे मत आहे आणि त्या हिशेबाने मी तिला पाचपैकी तीन गुण देतो.

ज्यांना गरज पडेल त्यांनी १५१०० या क्रमांकावर अवश्य फोन करावा. मात्र जामिनाच्या आदेशाच्या दिवशीच, जामीनदाराची अट शिथिल करून जातमुचलक्यावर, म्हणजे आरोपीच्या स्वतःच्याच हमीवर, सोडण्याचा लेखी अर्ज वकिलाकडून करून घ्यावा. आमच्या वेळी तो कोणी आपणहून केला नाही, आणि तो मागायचा असतो हे मला चौदा दिवस ठाऊक नव्हते.