शाळेतील अभ्यास साहाय्य केंद्र : दोन वर्षांचा अनुभव

माझी मुलगी पाचवीत असताना, पहिल्या घटक चाचणीनंतर वर्गशिक्षिकेने आम्हाला बोलावून शाळेतच चालणाऱ्या अभ्यास साहाय्य केंद्रात तिला पाठवण्याविषयी सुचवले, तेव्हा मला फार वाईट वाटले होते. आता ती सहावी पूर्ण करीत आहे आणि त्या केंद्राविषयी इतर पालकांना सविस्तर सांगावे, एवढा अनुभव आमच्या गाठीशी आहे.

केंद्र आठवड्यातून तीन दिवस, शाळा भरण्यापूर्वी पाऊण तास चालते. गटात सात-आठ मुले असतात आणि वेगळे शुल्क नाही. गट पाडताना इयत्ता पाहिली जात नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या क्रमाने वाचन आणि अंकओळखीपासून भागाकारापर्यंतचे गणित प्रत्येक मुलाला जवळ बसवून तपासले जाते. ‘प्रथम’ या शिक्षण क्षेत्रातील संस्थेच्या, मुलांचे मूलभूत वाचन व गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही चाचणी ओळखीची वाटेल.

मुलीचा भागाकार चुकणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. परंतु अडचणीचे मूळ भागाकारात नव्हतेच. ‘त्रेसष्ट’ ऐकल्यावर ती ३६ लिहीत असे. मराठीत एककाचा उच्चार आधी आणि दशकाचा नंतर होतो, लिहिताना मात्र दशक आधी येतो, आणि हा उलटा क्रम तिच्या मनात कधी पक्का झालाच नव्हता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असे संख्यावाचन आले तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता आणि तो बदल अनावश्यक आहे असे माझेही ठाम मत होते. स्वतःच्या घरात ही अडचण पाहिल्यावर त्यामागचे कारण मला उमगले. केंद्रातील बाईंनी पाचवीचे पुस्तक बाजूला ठेवून सहा आठवडे काड्यांचे गठ्ठे, सुट्या काड्या आणि मणीमाळ यांवरच काम केले. पाचवीतल्या मुलीला दुसरीचे काय शिकवता, असे मी विचारलेही होते. दशक सुटा करून वजाबाकी जमू लागली आणि त्यानंतर भागाकार समजायला तिला दोन आठवडेही लागले नाहीत.

वार्षिक परीक्षेत गणितात १०० पैकी ५४ गुण मिळाले, पहिल्या सत्रात ३१ होते. मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसराच बदल. पूर्वी फळ्यासमोर बोलावले की ती गप्प उभी राहत असे. सहावीच्या दिवाळीपूर्वी वर्गशिक्षिकेने सांगितले की, आता ती हात वर करून विचारते, “बाई, इथपर्यंत समजलं, पुढची पायरी नाही समजली.” आपल्याला नेमके काय येत नाही, हे ज्या मुलाला सांगता येते, त्याची गणिताची धास्ती निम्मी ओसरलेली असते.

काही उणिवा मात्र गंभीर आहेत. केंद्र प्रवेशद्वारालगतच्या खोलीत भरत असल्याने येणारी-जाणारी मुले त्याला ‘कच्च्यांचा वर्ग’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात मुलगी दप्तराआड तोंड लपवून आत जात असे. खोली बदलण्याची विनंती आम्ही दोनदा लेखी केली, अद्याप काही झालेले नाही. केंद्रातील बाई आणि विषयशिक्षक यांच्यात बोलणे होत नाही, त्यामुळे तिकडे दशक-एकक पक्के होत असताना इकडे वर्गात अपूर्णांकांचा गृहपाठ साचत जातो आणि तो भार पालकांनीच उचलावा लागतो. सर्वांत खटकते ते हे की, केंद्र उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण बंद असते. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यायची असते. म्हणजे ज्या काळात या केंद्राची गरज सर्वाधिक, त्याच काळात त्याला कुलूप असते.

इतके असूनही, तिसरी ते सहावीच्या पालकांना मी या केंद्राची शिफारस करीन. बाहेरच्या शिकवणीत वर्गातलाच धडा पुन्हा शिकवला जातो, मागे राहिलेली पायरी शोधली जात नाही, हा आमचा दोन शिकवण्यांचा अनुभव आहे. जून महिन्यातच चाचणीसाठी नाव द्यावे. दिवाळीनंतर गटांत जागा उरत नाही.