मुंबईत नोकरी, गावी सेंद्रिय शेती: कुठलं अनुदान आपल्या कामाचं?

दोन-तीन एकर कोकणात, नोकरी मुंबईत, आणि गणपतीला गावी गेल्यावर केलेला निश्चय: पुढच्या वर्षीपासून रासायनिक खत-औषधं बंद. माझ्या लोकलच्या डब्यात असे चौघं आहेत, पाचवा मी. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, सरकार देतं किती? मी म्हणतो, त्या पैशांसाठी गावी किती दिवस राहावं लागतं ते आधी विचारा.

परंपरागत कृषी विकास योजना घ्या. हेक्टरी 31,500 रुपये, तीन वर्षांत. ऐकायला बरं वाटतं, पण शेतकऱ्याच्या खात्यात त्यातले 15,000 येतात. बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्री यांवर जातात. म्हणजे एकराला वर्षाचे जेमतेम दोन हजार. शिवाय 20 हेक्टरचा गट लागतो, आणि पीजीएस (सहभागी हमी पद्धत) प्रमाणपत्रासाठी गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. आपण शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडणारे. आपल्या पाठीमागे गड्याने काय फवारलं, याची हमी शेजाऱ्याने का द्यावी?

केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या नैसर्गिक शेती अभियानात एकरी वर्षाला 4,000 रुपये मिळतात, दोन वर्षं. रक्कम दुप्पट, पण फक्त एका एकरापुरती. आणि जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण) ढवळायला माणूस तिथेच हवा.

माझं मन झुकतं ते भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेकडे. कोकणात 10 गुंठ्यांपासून 10 हेक्टरपर्यंत चालतं, अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं येतं. मेख दुसऱ्या हप्त्यात आहे: कोरडवाहू बागेत 80 टक्के, बागायतीत 90 टक्के कलमं जिवंत दिसली तरच पैसे. दंडाची पावती कोणी फाडत नाही, पण एप्रिलमध्ये पाणी चुकलं की दंड बसलाच म्हणायचा. (ज्यांचं पोट फक्त शेतीवर आहे त्यांना प्राधान्य, म्हणजे आपण नोकरदार रांगेत मागे. ते रास्तच आहे.)

म्हणून कलमांना ठिबकची जोड द्यावी. राज्याच्या पूरक अनुदानासह अल्पभूधारकाला 80 टक्के, इतरांना 75. ही टक्केवारी सरकारने ठरवलेल्या खर्चावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. महाडीबीटी या राज्याच्या अर्जाच्या पोर्टलवर पूर्वसंमती येण्याआधी नळ्या घेतल्या तर हात हलवत परत यावं लागतं. पण एकदा बसलं की ठिबक आपण नसतानाही पाणी देतं. जीवामृताचं तसं नाही.

दंडाची भीती बाळगायची का? दिल्लीच्या आसपास पराली, म्हणजे कापणीनंतर उरलेली भाताची धाटं, जाळली तर दोन एकरांखालच्या शेतकऱ्याला 5,000, पाच एकरांवरच्याला 30,000 रुपये दंड आहे. आपल्याकडे राब भाजणाऱ्याला (भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणाऱ्याला) तो नियम लागू नाही. आपल्याला अडवेल तो 2009 चा भूजल कायदा: शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला मनाई. त्यापुढे दंडाचा धाक फारसा नाही. उलट युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपयांना मिळते, तेवढ्यात शेणखताच्या टेम्पोचं भाडंही सुटत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं प्रोत्साहन तेच, फक्त उलट्या दिशेचं.

विक्रीचं सोपं आहे. एनपीओपी या केंद्राच्या सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं प्रमाणपत्र निर्यातीला लागतं आणि बहुवार्षिक पिकाला त्यासाठी तीन वर्षांचा रूपांतरकाळ काढावा लागतो. आपले आंबे मुलुंडच्या सोसायटीतच संपतात. वर्षाला 12 लाखांच्या आत थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला त्या प्रमाणपत्राची सक्ती नाही.

अर्जाआधी सातबारा मात्र काढून बघा. सामाईक खातं असेल तर बाकीच्यांची संमतिपत्रं लागतात. आमच्या सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत. सहा सह्या मे महिन्यात जमल्या, दोन दिवाळीत मिळतील, आणि बडोद्याची आत्या म्हणते, आधी माझ्या वाट्याच्या आंब्यांचं बोल.