प्रोब झकास, वायर भिकार: बाळांच्या छातीच्या सोनोग्राफीचे १४ महिने

परवा रात्री सोनोग्राफीच्या प्रोबच्या (छातीवर टेकवतात त्या भागाच्या) वायरने तिसऱ्यांदा दगा दिला म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर दिवाळीपर्यंत मी भेटेल त्या बालरोगतज्ज्ञाला 'हा प्रोब घेऊनच टाक' असं सांगत फिरत होतो.

आमचं तालुक्याच्या गावातलं ६ वॉर्मरचं (बाळाला ऊब देणाऱ्या खाटांचं) एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. तिथे घेतला तो टॅबला जोडायचा, हातात मावणारा लिनियर (सरळ पट्टीचा) प्रोब. मेगाहर्ट्झ, डेप्थ वगैरे ब्रोशरमध्ये आहे, ते इथे उगाळत नाही. साडेतीन लाख मोजले आणि कारण एकच, रात्रीचा एक्स-रे. गावात पोर्टेबलवाला एकच, त्याने फोन उचलला तर उचलला. आला तरी प्लेट सरकवायला बाळ उचला, सॅचुरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पाडा, आणि फिल्ममध्ये दिसणार काय, तर दोन्हीकडे धुरकट. बाळ धापतंय हे मला त्याआधीच दिसत होतं.

पहिल्याच आठवड्यात पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. सिझेरियनचं ३८ आठवड्यांचं बाळ, श्वास मिनिटाला ८०, कण्हत होतं. तीन तासांनी प्रोब टेकवला. वर हवेच्या आडव्या रेघा (ए-लाइन्स), खाली पाण्याच्या उभ्या पांढऱ्या रेघा (बी-लाइन्स) एकमेकींना चिकटलेल्या, आणि मधे सुरीने कापल्यासारखी सीमा. इटलीतल्या कोपेट्टी-कॅटारोस्सी यांनी २००७ मध्ये मांडलेला डबल लंग पॉइंट तो हाच, आजवर पीपीटीतच पाहिला होता. प्ल्युराची (फुप्फुसावरच्या आवरणाची) रेघ बारीक, गुळगुळीत. आरडीएस (कच्च्या फुप्फुसांचा आजार) असता तर वरपासून खालपर्यंत पांढरंफटक आणि प्ल्युरा जाड, खडबडीत दिसला असता. म्हणजे टीटीएन, फुप्फुसात पाणी राहून लागलेली तात्पुरती धाप. सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) लावून बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ आईच्या अंगावर पीत होतं.

मग मी माजलो. बाळ रडलं की प्रोब. एका बाळाला विसाव्या मिनिटालाच लावला, दोन्हीकडे रेघाच रेघा, घाबरून ७० किलोमीटरवर पाठवलं. पोहोचेपर्यंत त्याचा श्वास ५० वर. तिथल्या सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "केलीस कधी रे?" फुप्फुसातलं पाणी ओसरायला वेळ लागतो. पहिल्या काही तासांत ठणठणीत बाळाच्या छातीतही बी-लाइन्स असतात. हे वाचलेलं होतं, पण हातात नवं खेळणं होतं. अँब्युलन्सचे साडेचार हजार मीच भरले, बाळाच्या वडिलांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. आता बाळ श्वास फारच ओढत नसेल तर तास-दोन तास थांबतो, आणि एका चित्रावर निर्णय न घेता पुन्हा बघतो. डबल लंग पॉइंटवरचा आंधळा विश्वासही उतरला. दिसला तर छान, पण न दिसणारे टीटीएनही भरपूर भेटले.

कमी दिवसांच्या बाळांसाठी ब्रात आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा फुप्फुस-सोनोग्राफीचा स्कोअर वापरतो, जितका जास्त तितकं फुप्फुस वाईट. दोन्ही बाजूंचे तीन-तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३, एकूण १८. सीपॅपवर ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या पुढे सरकतोय आणि स्कोअरही चढतोय असं दिसलं की सर्फॅक्टंटसाठी (फुप्फुसं उघडी ठेवणाऱ्या औषधासाठी) घुटमळत नाही. पूर्वी "अजून एक तास बघू" करत पहाट व्हायची. एक्स-रे बंद झाला असं मात्र समजू नका. श्वासाची ट्यूब कुठे आहे, नाळेतली लाइन कुठे गेली, यासाठी तो पोर्टेबलवाला अजून माझ्या स्पीड डायलवर आहे.

आता वायर. प्रोबमधून जिथे निघते तिथे तिची मान आहे, आणि त्या मानेत जीव नाही. सहाव्या महिन्यात चित्र अडखळायला लागलं. अडखळतं म्हणजे 'कनेक्शन गेलं' असं लगेच येत नाही. सात-आठ सेकंद शेवटचं चित्र तसंच पडद्यावर थांबतं, मग सूचना येते. गर्भपिशवी बघणाऱ्याला याने काही फरक पडत नसेल. पण आम्ही बघतो काय? प्ल्युरा सरकतोय की नाही! सरकत नसेल तर फुप्फुसाबाहेर छातीत हवा भरल्याची शंका, आणि ती सुईने काढावी लागते.

रात्री अडीच. ३४ आठवड्यांचं जुळ्यातलं दुसरं, सीपॅपवर, सॅचुरेशन धाडकन ६० वर. उजवीकडे प्रोब ठेवला, प्ल्युरा स्तब्ध. सिस्टरने न सांगता सुई काढून हातात दिली. माझं लक्ष गेलं ते केवळ यामुळे, की मी प्रोब डावीकडे नेला तरी पडद्यावर तीच बरगडी, तीच सावली, आणि हृदयाची धडधडसुद्धा नाही. बाळाचे ठोके मॉनिटरवर चालू होते. मग खोलीतले दिवे घालवून छातीला कोल्ड लाइट (गार प्रकाशाचा दिवा) लावला. हवा असती तर छाती उजळली असती. उजळली नाही. सीपॅपची नाकातली नळी (प्राँग) काढून बघितली तर चिकट शेंबडाने बुजलेली. सक्शन केलं, दोन मिनिटांत ९२. सुई ट्रेमध्ये परत ठेवताना माझा हात थरथरत होता, हे लिहायला लाज वाटत नाही.

कंपनीचं म्हणणं, वायर 'अॅक्सेसरी' आहे, वॉरंटीत नाही. दीड मीटर वायरचे २८ हजार, वर जीएसटी. विकताना रोज 'सर, चहा घ्यायला येऊ का' विचारणारा मुलगा आता 'सर, तिकीट रेझ करा' म्हणतो. महिनाभर भांडल्यावर अख्खा प्रोब बदलून द्यायला तयार झाले, तर नवीनच पेच. आपल्या पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या) प्रमाणपत्रावर याच प्रोबचा सिरियल नंबर. यंत्र बदलायचं तर ३० दिवस आधी कळवा, प्रमाणपत्र पुन्हा काढा. बाळ जन्मलेलं आहे, मुलगा की मुलगी ते साऱ्या वाड्याला कळून पेढे वाटून झालेत, तरी नियम तोच. नियम का आहे ते मला माहीत आहे, त्याविरुद्ध एक शब्द नाही. पण मग वायर तरी म्हशीच्या दाव्याइतकी मजबूत द्या की! शेवटी २८ हजार भरले. तीही नवी वायर परवा गेली.

जेलबद्दल एकच. पाच लिटरच्या कॅनमधून बाटल्या भरण्याची काटकसर मी केली, आता लहान बाळांना निर्जंतुक पाकीटच वापरतो. ते आधी वॉर्मरवर ठेवा, गार जेलने बाळ दचकतं आणि त्याचं तापमानही उतरतं.

घ्यायचा का? घ्या. एक्स-रेवाल्याची वाट बघत काढलेल्या रात्री आठवल्या की मी आजही घेईन. फक्त कोटेशनमध्ये दोन जादा वायर फुकट लिहून घ्या, सही-शिक्क्यासह.

सध्या वायरच्या मानेला सलाइन लावताना बाळाच्या हाताला बांधतात ती पट्टी (स्प्लिंट) लावून वर मायक्रोपोर चिकटपट्टी गुंडाळलीय. आणि बाळाला लावण्याआधी सिस्टर प्रोब स्वतःच्या तळहातावर फिरवून पडद्याकडे बघते. "हलतंय, सर" म्हणाली की मग मी हात लावतो.