तीन बरण्यांतलं तळं: मुलांच्या परिसंस्था किटची पारख

सध्या पणजी-मडगावच्या खेळण्यांच्या दुकानांत 'तुमची स्वतःची परिसंस्था' असं लिहिलेले खोके दिसतात. त्यातल्याच एका किटबद्दल हे. आत निघतात दीड लिटरच्या तीन काचेच्या बरण्या, धुतलेली खडी, दोन थर्मामीटर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, ड्रॉपर, नायट्रेट तपासायच्या २५ पट्ट्या, मिठाची आणि खताची एकेक पुडी आणि मराठी पुस्तिका. छापील किंमत १,४९९ रुपये. जिवंत असं काही खोक्यात नाही. हायड्रिला ही पाणवनस्पती, गोगलगायी आणि पाणपिसवा (पाण्यात उड्या मारत फिरणारे बारीक जीव) जवळच्या तळ्यातून आणायच्या, आणि ते योग्यच आहे.

कल्पना सरळ आहे. पहिली बरणी आहे तशी ठेवायची, दुसरीत मीठ घालायचं, तिसरीत खत घालायचं आणि काय होतं ते पाहायचं. कल्पनेला शंभरपैकी नव्वद गुण. सामान चांगलं आहे, भिंग तर या किमतीत अपेक्षेपेक्षा सरस. घोटाळा आहे तो पुस्तिकेत.

पहिली चूक पाण्याची. पुस्तिका म्हणते, खडी पुन्हा उकळून घ्या आणि आरओचं पाणी भरा. असं केलं तर बरणी महिनाभर आरशासारखी स्वच्छ राहते आणि आत फारसं काही घडत नाही, कारण कुजवणारे जिवाणूही जेमतेम आणि वनस्पतीला लागणारे क्षारही जेमतेम. दोन सेंटिमीटर खडीवर तळ्यातल्या गाळाचे चार मोठे चमचे घाला. त्यावर अर्धं तळ्याचं आणि अर्धं विहिरीचं पाणी, एकूण १.२ लिटर. वर तीन-चार बोटं हवा राहू द्या. नळाचं पाणी वापरायचं असेल तर बादलीत एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. बोटभर लांबीच्या हायड्रिलाच्या चार फांद्या आणि दोन गोगलगायी एका बरणीला पुरतात. मासा घालू नका, मुलं कितीही मागे लागली तरी. सगळं भरल्यावर आठवडाभर बरण्यांना हात लावायचा नाही. गाळ बसू द्यायचा आणि मगच प्रयोग.

दुसरी चूक उन्हाची. 'उन्हाच्या खिडकीत ठेवा' हा सल्ला थंड देशातून जसाच्या तसा आलेला दिसतो. गोव्यात एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली बंद बरणी म्हणजे पेज शिजवायचं भांडं. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला ७.६. शिवाय पाणी तापलं की आतल्या जिवांची प्राणवायूची गरज वाढते. पुरवठा कमी, मागणी जास्त. पूर्वेची किंवा उत्तरेची, भरपूर उजेडाची पण थेट ऊन न येणारी जागा निवडा. दोन्ही थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतात का ते पाहा. आमच्या खोक्यातल्या दोघांत दोन अंशांचा फरक निघाला.

तिसरी चूक गमतीची. 'गोगलगाय पृष्ठभागावर आली म्हणजे प्राणवायू संपला', असं पुस्तिका ठामपणे सांगते. तळ्यात सहज सापडणारी पातळ शंखाची, शंखाच्या तोंडाला झाकण नसलेली गोगलगाय फुप्फुसाने श्वास घेते, ती एरवीही वर येणारच. लिंबाएवढ्या गोल 'पायला' गोगलगायीकडे कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतं, म्हणून तीही बिनकामाची. खरी खूण देते ती टोकदार शंखाची, झाकण असलेली, कल्ल्याने श्वास घेणारी छोटी गोगलगाय. ती पहाटे काचेवर अगदी पाण्याच्या रेषेपर्यंत चढून बसलेली दिसली, तर समजा रात्री प्राणवायू खरंच घसरला होता. रात्री वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, घेतात मात्र. म्हणून नोंद सकाळी सहाला करा. दुपारी चारला हायड्रिलाच्या पानांवर बुडबुडे असतात आणि सगळं आलबेल वाटतं.

आता मुख्य तक्रार, मात्रेची. मिठाचे 'दोन चमचे एकदम' म्हणजे दहा ग्रॅम. १.२ लिटरमध्ये लिटरला आठ ग्रॅमच्या वर, समुद्राच्या खारटपणाचा जवळजवळ पाव भाग, तोही एका क्षणात. दोन-तीन दिवसांत बरणी मरते आणि मूल शिकतं ते इतकंच, की मीठ वाईट. परिसंस्था बदलाला कशी तोंड देते हे त्यात दिसतच नाही. त्याऐवजी ६० ग्रॅम जाडं मीठ पाण्यात विरघळवून द्रावण एक लिटर करा. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांचं मीठ मिळालं तर उत्तम. दर चौथ्या दिवशी त्यातलं २० मिलिलिटर दुसऱ्या बरणीत घाला, म्हणजे लिटरमागे सुमारे एक ग्रॅम वाढ. पहिल्या बरणीत तेव्हाच २० मिलिलिटर साधं पाणी. आता भिंग घेऊन बसा. बहुधा आधी पाणपिसवा विरळ होतात. त्या शेवाळ खातात, त्यामुळे त्या गेल्या की पाणी हिरवट होऊ लागतं. मिठाने पाणी हिरवं कसं झालं, हा प्रश्न मुलाने स्वतःहून विचारला की किटचे पैसे वसूल. मग गोगलगाय झाकण लावून घेते. हायड्रिला बराच काळ तग धरतो.

हीच गोष्ट खाजनात, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत, मोठ्या प्रमाणावर चालते. उन्हाळ्यात खारट झालेली जमीन पावसाच्या पाण्याने धुतली जाते आणि मग खारं सोसणारं कोरगुट भात पेरतात. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीच्या दाबाने मिटतं आणि ओहोटीला उघडतं. वाढीच्या हंगामात बांध फुटला तर तेच खारं पाणी एका रात्रीत शेतात शिरतं, आणि कोरगुटाच्या सोशिकपणालाही मर्यादा आहे. गोव्यात विकायच्या किटमध्ये याचं एक चित्र हवं होतं.

खताच्या पुडीचंही तसंच. पुडी १९:१९:१९ ची, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखंच. एक ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं २० मिलिलिटर एकदाच घाला, पुरे. पूर्ण पुडी ओतली तर पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं होतं, हायड्रिलाला उजेड मिळत नाही, तो खालून कुजू लागतो आणि शेवटी सडक्या अंड्याचा वास. नायट्रेटच्या पट्ट्यांची डबी पावसाळ्यात एकदा उघडी राहिली की पट्ट्या दमट होऊन चुकीचा रंग दाखवतात. तांदूळ भरलेल्या डब्यात ठेवा.

प्रत्येक बदलाला एकच बरणी, हा आणखी एक कच्चा दुवा. एक मेली तर मीठ कारण की जागा, हे कळत नाही. लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या धुऊन जोडीला लावा.

भाषांतराबद्दल एकच सांगतो. 'बेडूक हा दुय्यम ग्राहक आहे.' भक्षक म्हणायचं होतं. बिचारा बेडूक बिल मागतोय असं वाटतं.

खोक्यावर वय ६ वर्षांपासून लिहिलंय. काच आणि खत पाहता ९ च्या आत एकट्याने नको. पावसाळ्यात तळ्याचं पाणी काढताना हातमोजे घाला, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची) भीती असते. झाकण उघडं ठेवणार असाल तर मच्छरदाणीचा तुकडा बांधा, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. प्रयोग संपल्यावर खारं आणि खताचं पाणी व्हाळात (ओढ्यात) किंवा तळ्यात ओतू नका. हायड्रिला उन्हात पूर्ण वाळवून मगच टाका. गोगलगायी पहिल्या बरणीतल्याच परत सोडा, आणि जिथून आणल्या तिथेच.

घ्यायचा असेल तर घ्या, पण पुस्तिकेतली मात्रांची पानं आधी स्टेपल करून टाका.