गल्लीचा रस्ता आणि शोषखड्डे: लातूरच्या एका ठेकेदाराचं काम

आमची वसाहत लातूरला औसा रोडच्या बाजूला. इथं दर वेळी जुन्या रस्त्यावरच सिमेंटचा नवा थर चढायचा. होता होता रस्ता वर गेला न् उंबरे खाली राहिले; पाऊस आला की पाणी सरळ सासूबाईंच्या खोलीत. शेवटी परवानगी काढून, घरटी वर्गणी जमवून गल्ली नव्यानं करून घेतली. ठेकेदार इथलाच. काम चालू असताना मी बहुतेक वेळ तिथंच उभी असायचे.

मला सगळ्यात आवडला तो ढाळ. आधी जुना थर फोडून उचलला, मग लेव्हलच्या नळीनं प्रत्येक उंबरा मापला आणि रस्ता त्याच्या खाली ठेवला. गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसल्यावर मिस्त्रीनं बादलीनं पाणी ओतून बघितलं. एका गेटपुढं पाणी थबकलं, तर तिथले गट्टू उचलून पुन्हा बसवले. सांध्यांत सिमेंट नाही, बारीक खडी भरली.

कडेची झाडांची पट्टी रस्त्यापेक्षा खोलगट आहे. कडेच्या दगडांतल्या खाचांतून पाणी पट्टीत, तिथून गाळाच्या टाकीत, मग पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात. आपली काळी माती भिजून फुगली की पाणी खाली जाऊच देत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं हे ठेकेदारानंच धरून ठेवलं. जास्तीच्या पाण्याला नालीत जायला पाईप आहे. काहीजण म्हणत होते, बोअरमध्येच सोडा. त्यानं साफ नाही म्हटलं: गाड्यांचं ऑइल, शेण, सगळं पिण्याच्या पाण्यात उतरेल. अगदी बरोबर!

गल्ली 100 मीटर लांब, 6 मीटर रुंद. 25 मिलिमीटर पाऊस झाला तरी तिच्यावर 15,000 लिटर पाणी पडतं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात ते नालीला सोडायला जिवावर येतं.

आता उणं. खाचा अरुंद आहेत. पाला, कॅरीबॅग अडकली की पाणी खाच सोडून पुढं पळतं. रुंद करायला सांगितल्या तर वरचे पैसे मागितले. गाळाच्या टाकीचं झाकण एकट्याला उचलत नाही, त्यामुळं साफसफाई लांबते, आणि गाळ काढायची जबाबदारीही तो घेत नाही.

पाचात चार. काम जरूर द्या, पण खाचा वीतभर रुंद, झाकण दोन तुकड्यांत आणि मृगाआधी गाळ काढणं, एवढं कागदावर लिहून घेऊनच पहिला हप्ता द्या.