रोपं त्यांची, करार त्यांचा, नुकसान आपलं: टोमॅटोच्या 'बायबॅक'वाल्यांपासून सावध

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात कोणी 'रोपं आम्ही देतो, औषधं आम्ही देतो, मालही आम्हीच उचलतो, तुम्ही फक्त पाणी सोडा' असं म्हणत बांधावर आलं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आम्ही चहाही पाजला आणि पैसेही दिले. आमच्या आणि आसपासच्या गावांत मिळून बऱ्याच जणांना असंच म्हणत आलेल्या एका माणसाने टोपी घातली. त्यातले बहुतेक पहिल्यांदाच टोमॅटो लावणारे होते, आणि हा काही योगायोग नव्हता. टोमॅटोत केस पिकलेल्या माणसाच्या बांधावर तो फिरकतच नव्हता.

२०२३चा जुलै आठवा. मे महिन्यात तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणून लोकांनी उभे प्लॉट सोडून दिले होते. त्याच टोमॅटोचा वीस किलोचा कॅरेट जुलैत नारायणगावच्या बाजारात दोन हजारांच्या वर गेला. जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी कोटीच्या वर पैसे केल्याच्या बातम्या रोज टीव्हीवर. मी चाकणला कंपनीत कामाला, गावी नाना आणि आई, विहिरीच्या कडेला वीस गुंठे. तिथे आजवर कांदा नाहीतर मेथी-कोथिंबीर. यंदा टोमॅटो लावायचा, एवढं घरात ठरलं. पण ठरवणारे आम्ही एकटे थोडेच होतो! ज्या रोपवाटिकेत जावं तिथे बुकिंग फुल्ल, पुढचे तीन-चार आठवडे रोप नाही.

आणि नेमका तेव्हाच हा आला. पांढरा शर्ट, खिशाला कंपनीचा बिल्ला, मोबाइलमध्ये बातम्यांची कात्रणं. बोलणं अदबीचं, नानांना 'काका', मला 'दादा'. त्याच्याकडे रोपं तयार होती, परवा म्हणाल तर परवा. बाजारात किलोला शंभराच्या वर भाव चालू असताना त्याने हमी दिली फक्त पंचवीस रुपयांची. दीडशेची दिली असती तर नानांनी त्याला उभं केलं नसतं. "काका, तेजी काय कायमची नसते. भाव दहावर आला तरी तुम्हाला पंचवीस मिळणार, आणि तेजी टिकली तर वरचा फायदा निम्मा-निम्मा." इतकं समजूतदार बोलणाऱ्यावर संशय कोण घेणार?

त्याने आणखी एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. २०२०च्या उन्हाळ्यात याच भागात फळं पिवळी-चट्ट्यांची होऊन प्लॉटच्या प्लॉट गेले होते, लोक त्याला 'तिरंगा' म्हणत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत तेव्हा कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला होता. हा म्हणाला, आमचं रोप 'व्हायरस फ्री', तिरंगा येणारच नाही. आता कळतं की व्हायरस काही एकच नसतो. पर्णगुच्छ, म्हणजे पानं वळून गोळा होण्याचा रोग, पसरवते पांढरी माशी, मोझॅक पसरवतो मावा, आणखी एक फुलकिड्यांमार्फत येतो. एकाला दाद न देणारं वाण दुसऱ्याला बळी पडू शकतं. 'व्हायरसच येणार नाही' असं जो म्हणतो, त्याला कोणता व्हायरस एवढंच विचारा. पुढचं उत्तर ऐकण्यासारखं असतं.

रोपांचा टेम्पो आला दिवस मावळताना. उजेड कमी, मजूर थांबलेले, बेडवर (गादीवाफ्यांवर) मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरून भोकं पाडलेली. टोमॅटोचं रोप बावीस-पंचवीस दिवसांचं लावतात. खोड हिरवं, लवचीक. ट्रेमधून ओढलं की कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) गड्ड्याभोवती पांढऱ्या मुळ्यांची जाळी दिसते. आमच्या हातात आलेल्या रोपाचं खोड बुडाशी तपकिरी, टणक. मुळ्या काळपटलेल्या आणि गड्ड्याभोवती घट्ट वळलेल्या. आणि प्रत्येक रोपाचा शेंडा कापलेला! कापल्या जागी सुकलेला ठिपका आणि खालून दोन बारीक फुटवे. विचारलं तर म्हणाला, "दादा, हे हार्डनिंग केलंय, रोप काटक केलंय. दोन फुटवे म्हणजे दुप्पट माल." खरं कारण सरळ आहे. वय झालेलं रोप उंच वाढून आडवं पडतं, मग ते ताजं दिसावं म्हणून कात्रीने वरून सारखं करतात. गावोगाव रोपांची टंचाई असताना याच्याकडे कुणी न नेलेली रोपं कशी पडून होती, हा प्रश्न तिथेच होता. पण मजूर दारात उभे असताना रोपं परत पाठवायची हिंमत फार थोड्यांना होते, आणि टेम्पो संध्याकाळी येतो तो याच हिशोबाने.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. रोप अडीच रुपये, गावात तेच दीडला मिळायचं. नोंदणी आणि मार्गदर्शनाची फी वेगळी, कराराची अनामत वेगळी, औषधांचा किट वेगळा. रोख दिले तर सूट. किटमधल्या बाटल्यांवर पानाफुलांचं चित्र आणि 'शंभर टक्के सेंद्रिय'. उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. पुढे आमच्या कृषी सेवा केंद्रवाल्याने एक बाटली उघडून हुंगली आणि म्हणाला, "गुळाचं पाणी दिसतंय, वर थोडं ह्युमिक." बांबू, तार, सुतळी, मल्चिंग, खतं, मजुरी सगळं धरून खर्च सव्वा लाखाच्या पुढे गेला.

पावती मिळाली ती वहीतल्या कार्बनची. 'टोमॅटो रोपे, ३००० नग.' वाणाचं नाव नाही, लॉट नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. विचारलं तर 'पक्कं बिल ऑफिसातून येईल'. शंभराच्या स्टॅम्पवरचा करार मात्र चांगला दोन पानी, टाइप केलेला, शिक्क्यांनी भरलेला. त्यामुळे कागद पक्का आहे असंच वाटत राहतं.

झाडं वाढायला लागली तशी गंमत दिसू लागली. एकाच बेडवर एक झाड छातीला, शेजारचं गुडघ्याला. एकाचं पान रुंद, दुसऱ्याचं बारीक, वळलेलं. फळ धरल्यावर शंका उरली नाही. काही चपटी, काही लांबट, काहींना खाली टोक, काहींचे खांदे पिकल्यावरही हिरवे. कबूल झालेलं वाण होतं जाड सालीचं, कडक, लांबच्या बाजाराला चालणारं. आमच्या निम्म्या झाडांची फळं कॅरेटच्या तळाला गेली की पाणी सोडत.

असं का होतं, ते नवख्याने समजून घ्यावं. हायब्रिड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. त्याचं पहिलं पीक एकसारखं येतं. त्याच फळांतलं बी काढून पुन्हा रोपं केली की गुण फुटतात आणि प्रत्येक झाड वेगळं निघतं. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या साधारण तीनशे बिया, म्हणजे दहा ग्रॅमच्या एका पाकिटात जवळपास अर्ध्या एकराची रोपं. रोपाच्या खर्चात महाग असतं ते हे बीच. ते वाचवलं की उरते माती आणि पाणी. आमच्याकडे फळाचं बी होतं की चार रोपवाटिकांतली उरलेली रोपं एकत्र केली होती, हे नक्की सांगता येणार नाही, असं पाहणीला आलेल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं. भेसळ मात्र उघड होती.

आता पहिल्या मोठ्या तोड्याचं ऐका. सप्टेंबर संपत आला होता आणि बाजार पार कोसळला होता. नाशिककडे लोक रस्त्यावर टोमॅटो ओतत होते. आम्हाला वाटलं, आपल्याला काय, पंचवीसची हमी आहे. गाडी आली, सोबत एक पोरगा आणि त्याच्या हातात प्लास्टिकची रिंग. आई आणि बायांनी पहाटेपासून तोडून, पुसून, देठ काढून भरलेले कॅरेट त्याने ताडपत्रीवर पालथे केले. एकेक फळ रिंगमधून घालायचा, आधीच्या फळाशेजारी धरायचा आणि बाजूला टाकायचा. "आकार मॅच नाही." "कलर मॅच नाही." चाळीसेक कॅरेटमधून तीन उचलले, त्याचीही कच्ची चिठ्ठी. आईने विचारलं, "अरे बाळा, रोपं तुमचीच ना?" तो म्हणाला, "मावशी, मी फक्त ग्रेडिंगला येतो."

करार त्या रात्री नीट वाचला, तेव्हा डाव कळला. माल ऐंशी ग्रॅमच्या वरचा आणि आकार-रंगाने एकसारखा असेल तरच उचलणार. रोपांबद्दलची तक्रार उतरवल्यापासून चोवीस तासांत लेखी द्यायची. वाण कोणतं ते तर फळ लागल्यावर कळतं. आणि माल दुसरीकडे विकला तर अनामत जप्त. एकसारखं पीक येणारच नाही अशी रोपं ज्याने दिली, त्यानेच एकसारख्या मालाची अट घातली. भाव पडले की सगळं नापास करायचं, भाव चढले असते तर हाच माल पंचवीसने पास झाला असता. भेसळीची रोपं विकणारे पुष्कळ असतील, पण त्या भेसळीवरच आपली सुटका बेतणारा मी तरी पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतर फोन लागला नाही. माल नारायणगावला नेला. मिक्स म्हणून कॅरेटला शंभराच्या आत गेला, भाडं आणि तोडणी वजा जाता उरलं काहीच नाही. पुढचे तोडे आम्ही सोडून दिले.

तक्रारीचं सांगतो, कारण इथे वेळ महत्त्वाची असते. पीक उभं असतानाच तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती प्लॉटवर येते, पंचनामा होतो, त्यात कृषी विद्यापीठाचा शास्त्रज्ञ असतो. झाडं उपटल्यावर गेलात तर ते बघणार काय? आमच्याकडे समिती आली, भेसळ असल्याचं लिहून दिलं. मग त्यांनी बिल, लॉट नंबर, बियाण्याचं पाकीट मागितलं. आमच्याकडे ती कार्बनची चिठ्ठी.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९६६च्या बियाणे कायद्यात रोपंही धरलेली आहेत. १९८३च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याकडे परवाना हवा आणि त्याने बिल द्यायलाच हवं. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केलंय. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. हे सगळं खरं, पण विकलं कोणी हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. या माणसाचा धंदा नेमका तिथेच उभा आहे. जो कागद त्याला सोडवतो तो टाइप केलेला, आणि जो त्याला अडकवेल तो जन्मालाच येऊ द्यायचा नाही. 'शिकलासवरलेला असून कसा फसला' म्हणणाऱ्यांनी तो करार एकदा हातात घेऊन बघावा.

पोलिस ठाण्यात आधी 'ही दिवाणी बाब आहे' असंच ऐकायला मिळालं. आम्ही सगळे एकत्र गेलो तेव्हा अर्ज घेतला गेला. शेजारच्या गावातल्या एका आण्णांनी सूट नको म्हणून पैसे बँकेतून पाठवले होते, त्यावरून ते बँक खातं ज्याच्या नावावर होतं तो माणूस सापडला. तो म्हणतो, खातं मी भाड्याने दिलं होतं! ग्राहक आयोगातली तक्रार त्या एका व्यवहाराच्या आधारावर उभी आहे, तारखा चालू आहेत.

तुम्ही पहिल्यांदा टोमॅटो लावत असाल तर रोपवाटिकेत बुकिंग करतानाच बियाण्याचं पाकीट बघा, त्यावरच्या लॉट नंबरचा फोटो काढा, पेरणीची तारीख विचारा आणि हे सगळं बिलावर लिहून घ्या. रिकामं पाकीट मागून घ्या. चांगला रोपवाटिकावाला बिनतक्रार देतो. बी स्वतः आणून त्याच्याकडून फक्त रोपं करून घेता येतात, आमच्या भागात बरेच जण तसंच करतात. रोपं दिवसाउजेडी उतरवा. प्रत्येक ट्रेमधलं एकतरी रोप ओढून मूळ बघा, शेंडा कापलेला असेल तर टेम्पो परत. मजुरांची एक दिवसाची हजेरी वाया गेली तरी चालेल.

मध्यंतरी आमच्या पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर एक करार पाठवला, 'कसा वाटतो बघा' म्हणून. पीक शेवगा, कंपनीचं नाव वेगळं, गाव वेगळं. कलमांचा क्रम तोच, 'उतरवल्यापासून चोवीस तास' तेच, 'एकसारखा' हा शब्दही तिथेच. मी लगेच फोन केला. अनामत दुसऱ्या दिवशी द्यायची होती, ती त्यांनी दिली नाही.