आडतीचा हिशेब, सांबा आणि झेडएफएस: ८ महिने वापरल्यानंतर

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. हिशेब टॅलीवर, डेटा एका पीसीवर शेअर केलेला आणि तीन मशीन त्याला जोडलेल्या. मागच्या वर्षी मुनीमकाकांनी "जागा भरली" म्हणून साफसफाई काढली आणि नुसतं '10000' नाव असलेलं फोल्डर कचरा समजून उडवलं. टॅलीतली आमची चालू कंपनी, म्हणजे सगळा हिशेब, त्यातच होता! रात्री टॅली बंद होती, त्यामुळं 'फाइल वापरात आहे' म्हणून विंडोजनंही अडवलं नाही. रीसायकल बिन रिकामं, कारण नेटवर्कवरून डिलीट केलेलं तिथं जातच नाही. बॅकअप ११ दिवसांपूर्वीचा. हिशेबपट्ट्यांच्या कार्बन कॉप्या काढून दोन रात्री एंट्र्या मारल्या.

आधी विंडोजच्या परवानग्यांशी झटलो. आतल्या फायलींना डिलीटची मनाई केली तरी वरच्या फोल्डरवर 'फुल कंट्रोल' असेल तर फायली उडतातच. आमच्याकडं तर सगळ्यांनाच फुल कंट्रोल होता. शेवटी जुन्या पीसीवर उबुंटू (लिनक्स), सांबा (विंडोज मशीनना नेटवर्कवर फोल्डर शेअर करून देणारं सॉफ्टवेअर) आणि झेडएफएस (डिस्कवर फायली साठवणारी, स्नॅपशॉट घेऊ शकणारी फाइल सिस्टम) टाकलं.

सांबाचं रीसायकल मॉड्यूल सोपं. कुणी काही डिलीट केलं की ते लपवलेल्या फोल्डरात जाऊन पडतं. दोनदा कामी आलं. पण याच्यावर विसंबू नका. सोयाबीनच्या सीझनला भाच्यानं जुना बॅकअप चालू डेटावरच रीस्टोअर केला. डिलीट काही झालंच नाही, नुसतं वर लिहिलं गेलं, त्यामुळं कचरापेटीत काही आलं नाही. तिथं झेडएफएसच्या दर तासाच्या स्नॅपशॉटनं, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या गोठवलेल्या प्रतीनं, वाचवलं. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रीव्हियस व्हर्जन्स', दुपारी ३ ची प्रत. ४० मिनिटांच्या पट्ट्या परत घातल्या, बस. मात्र चालू कामात घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे डेटासाठी मध्येच लाईट गेल्यासारखं असतं. म्हणून ती प्रत आधी वेगळ्या जागी उघडून बघितली. जास्त भरवसा टॅली बंद केल्यावरच्या रात्रीच्या स्नॅपशॉटवर.

पहिल्या महिन्यात एका गोष्टीनं डोकं खाल्लं. सकाळी ११ चा स्नॅपशॉट विंडोजमध्ये दुपारी साडेचारचा दिसायचा, आणि तेव्हा तर साडेचार वाजलेलेही नसायचे! नावातली वेळ आपली, पण सांबा ती ग्रीनिचची धरत होता. 'लोकलटाइम'ची एक ओळ टाकल्यावर जुळलं.

जागेची भीती होती तेवढी नाही, कारण फक्त बदललेला भाग साठतो. स्नॅपशॉट विंडोजवरून कुणालाच पुसता येत नाहीत. महिनाअखेरच्यावर मी 'होल्ड' लावतो, म्हणजे सर्व्हरवर बसून माझ्याच हातून चुकीची कमांड गेली तरी होल्ड काढल्याशिवाय ते उडत नाहीत. कमांडची सवय नसेल तर हे सगळं बसवणं कटकटीचं आहे, माणूस लावा.

पण स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतात. लाईटच्या झटक्यानं डिस्क गेली तर सगळंच गेलं. म्हणून टॅली बंद केली की बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेतो आणि ती डिस्क डब्याच्या पिशवीतून माझ्यासोबत घरी येते.